रोटी चालत नाही, बेटी चालते?

*ताई, मी नगरची, सध्या पुण्यात नोकरीला. चार पिढ्या आमचं घर प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. जानेवारीत माझं लग्न आहे. मुलगा वसईचा, कॅथलिक. लग्न त्यांच्या चर्चमध्ये, मिस्सासह, म्हणजे कम्युनियन असलेल्या पूर्ण उपासनेसह. परवा फादरांनी सांगितलं की कम्युनियनच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची भाकर वाटतात तेव्हा, मला आणि माझ्या घरच्यांना जागेवर बसून राहावं लागेल. पप्पा घरी येईपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, ‘म्हणजे यांना बेटी चालते, रोटी चालत नाही.’ होणारा नवरा म्हणतो, एका मिनिटाचा प्रश्न, एवढं काय? त्याची आई म्हणते, कॅथलिक हो, विषय संपला. माझी रूममेट हिंदू आहे. तिनं विचारलं, हा प्रसादच ना, मग नाही कशाला म्हणतात? मला उत्तर देता आलं नाही. हे नेमकं आहे काय, आलं कुठून आणि मी काय करू? – एक नगरकर*

प्रिय नगरकर,

तुझ्या पप्पांचं ते वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. इतकं नेमकं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे तयारी करायला हवी. म्हणून आधी तुझ्या रूममेटकडे वळते, तिचा प्रश्न सोपा आहे.

प्रसाद नव्हे. सत्यनारायणाच्या पूजेला दारावरून जाणाऱ्यालाही हाक मारून शिरा हातावर ठेवतात. तू कोण, कुठली, कुणी विचारत नाही, उलट नको म्हटलंस तर यजमान रुसतो. तिला समजावायचंच तर काल्याचं उदाहरण दे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं आणि एकमेकांच्या हातचं खाल्लं. तिथं पदार्थाइतकंच महत्त्व कोण कुणाबरोबर खातोय याला आहे. कम्युनियन त्याच्या जवळ जातं. फरक एवढाच की काल्यात खेळ आहे, आणि हे जेवण उद्या मरणार हे कळलेल्या माणसानं वाढलेलं आहे.

येशूच्या त्या शेवटच्या जेवणाची रात्र यरुशलेममधली, साधारण इसवी सन ३० च्या आसपासची. वल्हांडणाच्या सणाचे दिवस. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून पूर्वज रातोरात निघाले, कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून यहुदी घरांत त्या दिवसांत बेखमीर भाकर खातात. घरातला मोठा माणूस भाकर हातात घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि सगळ्यांना देतो. येशूनं हेच केलं. त्यात नवीन होतं ते त्याचं बोलणं: हे माझं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं, माझ्या आठवणीसाठी हे करत जा. मग प्याल्याबद्दल: हे माझं रक्त, नव्या कराराचं. मत्तय, मार्क आणि लूक ही तिन्ही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, या जेवणाला वल्हांडणाचं जेवण म्हणतात. योहान ते एक दिवस आधी झाल्याचं सांगतो आणि गंमत म्हणजे भाकर-प्याल्याचा प्रसंग गाळूनच टाकतो. त्याच्याकडे त्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो.

पप्पांना आवडेल असा एक तपशील लूकमध्ये आहे. भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर याच मेजावर आहे. म्हणजे त्या पहिल्या पंगतीतून त्याला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालासुद्धा उठवलेलं नव्हतं.

पण फादरांच्या बाजूचा पुरावाही तितकाच जुना आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका १८८३ साली छापून जगापुढे आली. मंडळी, म्हणजे गावोगावची चर्चं, चालवण्याचे साधे नियम आहेत तिच्यात. भाकर मोडतानाची प्रार्थना तिथं अशी आहे: ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र येवो. दाण्यादाण्यानं पसरलेला गहू आणि त्याची एक भाकर, इतकं सुंदर! आणि त्याच्या लगेच खालची ओळ: ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी हे खाऊ नये. गोळा करणं आणि रेघ ओढणं एकाच पानावर. मला वाटतं या विधीचा सगळा पुढचा इतिहास त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत घडलाय, आणि जानेवारीत तुला जिथं बसायचंय ती जागाही तीच.

मात्र या सगळ्याबद्दलचा सर्वांत जुना लेखी मजकूर या दोन्हींच्या आधीचा आहे, आणि तो कुणा वाचकाच्या पत्राला दिलेलं उत्तर आहे! ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीनं पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाला प्रश्न लिहून पाठवले होते. लग्न करावं की नाही, मूर्तीपुढचं मांस खावं की नाही, असे. त्यानं इसवी सन ५५ च्या सुमारास उत्तर धाडलं. सल्ला सदर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा तो मूळपुरुषच म्हणायचा, फक्त त्याला शब्दमर्यादा नव्हती. उत्तर देता देता त्यानं न विचारलेल्या गोष्टीवरूनही करिंथकरांना झापलं. तिथं प्रभुभोजन, म्हणजे कम्युनियनच, हे खरोखरचं जेवण होतं. ज्यांना वेळ होता ते लवकर यायचे, आपलं आणलेलं खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे. गरिबांसाठी काही उरायचंच नाही. एक भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो, पौल लिहितो, याला प्रभूचं भोजन म्हणायचं? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? आणि या रागाच्या भरात तो त्या रात्रीची हकिकत सांगतो, ‘हे माझं शरीर’ वगैरे. मार्काचं शुभवर्तमान लिहिलं जायला अजून दहा-पंधरा वर्षं तरी होती. म्हणजे या विधीचा पहिला लेखी दाखला सापडतो तो पंगतीतल्या पंक्तिप्रपंचाच्या तक्रारीत. त्याचा शेवटचा सल्ला एका ओळीचा आहे: जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

त्याच पत्रात थोडं आधी तो भाकरीला ‘कोइनोनिया’ म्हणतो. ग्रीक शब्द, अर्थ भागीदारी, सहभाग. भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असं त्याचं म्हणणं. त्याच अर्थाच्या लॅटिनमधल्या ‘कॉम्युनिओ’चं इंग्रजीत कम्युनियन झालं. दुसरा जुना शब्द ‘युखारिस्तिया’, म्हणजे आभार मानणं. आणि तुझ्या सासरचा ‘मिस्सा’ पोर्तुगिजांबरोबर आला. विधी संपताना पुरोहित लॅटिनमध्ये ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणायचा, म्हणजे जा, तुम्हाला निरोप आहे, त्यातला हा शब्द. आपला पाव त्याच गलबतातून उतरला, हे वसईकरांना सांगायला नको.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटायचंच. शरीर खातात, रक्त पितात, म्हणजे माणसं खातात, अशी वदंता रोमन साम्राज्यात पसरली होती. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं चौकशी केली आणि सम्राटाला कळवलं की ही माणसं जमून खातात ते साधंच, निरुपद्रवी अन्न. पुढे १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंतानं सम्राटालाच उद्देशून सगळं उघड लिहून टाकलं: रविवारी जमतो, वाचन होतं, प्रार्थना होते, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस आणला जातो, सगळे घेतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक पोचवतात. आजारी माणसाच्या घरी नेलेला तो तुकडा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे. वसईत आजही फादर आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेऊन देतात.

आता भांडणाकडे. ते एका क्रियापदावरून झालं. ‘हे माझं शरीर आहे’ यातल्या ‘आहे’चा अर्थ काय? १२१५ साली रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेनं ठरवलं की भाकरीचं रूप, रंग, चव तशीच राहते, पण तिचं मूळ तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचं शरीर होतं. कॅथलिक अजूनही हेच मानतात, म्हणून तर फादर खाली पडलेला कणही उचलतात. तीनशे वर्षांनी लूथर, ज्याच्या बंडातून प्रोटेस्टंट पंथ निघाले तो जर्मन धर्मसुधारक, म्हणाला, तत्त्व पालटण्याचं हे तत्त्वज्ञान मला नको, पण ख्रिस्त तिथं खरोखर असतो. स्वित्झर्लंडचा सुधारक त्स्विंग्ली म्हणाला, ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’, ही आठवण आहे. ऑक्टोबर १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात दोघांना समोरासमोर बसवलं. लूथरनं आधीच मेजावर खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘हे माझं शरीर आहे’. पंधरा कलमांपैकी चौदा जमली, पंधरावं या एका मुद्द्यावर अडलं, आणि दोघं कायमचे दुरावले. येशू बोलत होता त्या अरामी भाषेत अशा वाक्याला ‘आहे’ लागतच नाही, आपण ‘हे माझं घर’ म्हणतो तसं. नसलेल्या शब्दावरून इतकं! अर्थात भांडण व्याकरणाचं नव्हतं, हे मलाही कळतं.

तुमची नगरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, म्हणजे त्स्विंग्लीच्या आणि त्याहून जास्त कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या नात्यातली. पावाचे तुकडे, ट्रेमधले छोटे पेले, द्राक्षाचा न आंबवलेला रस. (तो रसही एका मेथडिस्ट दंतवैद्याची देणगी. १८६९ साली न्यू जर्सीच्या थॉमस वेल्चनं प्रभुभोजनात दारू नको म्हणून रस तापवून टिकवायची युक्ती काढली.) त्यामुळे फादर नाही म्हणतात तेव्हा ते तुला अपात्र म्हणत नसतात. त्यांच्या लेखी कम्युनियन घेणं म्हणजे भाकरीबद्दलच्या या समजुतीला, आणि पोप-बिशपांसकट सगळ्या कॅथलिक चर्चला जाहीर ‘आमेन’ म्हणणं. तू ते म्हणत नाहीस, म्हणून ते तुझ्या तोंडी घालत नाहीत. तुझा बाप्तिस्मा ते पूर्ण मानतात. तो पुन्हा करत नाहीत. तुमचं लग्नही ते संस्कार म्हणूनच धरतात. म्हणून विटाळाचा अर्थ इथं लागू नाही, हे पप्पांना जरूर सांग.

सांग, पण एवढ्यानं त्यांचं समाधान होईल अशी अपेक्षा करू नकोस. आणि हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं नीट ऐकावं, म्हणून पत्रातला हा भाग त्याला वाचून दाखव.

वसईत आणि नगरात ख्रिस्ती होण्याची गोष्ट एक नाही. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली. त्या दोनशे वर्षांत तिथले समाजच्या समाज ख्रिस्ती झाले आणि आपापल्या ओळखीसह राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावं तिथं आजही आहेत. नगरात मिशन आलं १८३१ साली. तुझे पणजोबा कुठल्या घरातून आले हे तू लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही. पण नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळ्या ज्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या, तिथल्या माणसाला गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता. चहाचं भांडं वेगळं, पाणी वरून ओतलेलं. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला तो १९२७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी या माणसांपुढे कुणीतरी एक भाकर मोडली, एकच प्याला फिरवला आणि म्हटलं, घ्या. त्या घोटाचा अर्थ लॅटरनलाही ठाऊक नव्हता आणि मारबुर्गलाही. चर्चमध्ये शिरल्याबरोबर जात गळून पडली असं मुळीच नाही. मद्रासकडच्या मंडळ्यांत जातवार वेगळं बसून, आधी-नंतर प्रभुभोजन घेत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ते बंद करायला सांगितलं तेव्हा पुष्कळ लोक चर्च सोडून गेले, पण एका प्याल्याला तोंड लावायला तयार झाले नाहीत. म्हणजे त्या प्याल्यात काय होतं हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पप्पांना फादरांच्या ‘बसून राहा’मध्ये फार जुना आवाज ऐकू आला. तो फादरांचा नाही. पण ऐकू आला हे खरं आहे, आणि ‘एका मिनिटाचा प्रश्न’ हे त्यावरचं उत्तर नव्हे.

पप्पांनाही एक आठवण करून देते, थोड्या धाकानंच. बंद दार तुमच्याकडेही आहे. मी सोलापूरच्या एका मंडळीत वाढले. दृढीकरण, म्हणजे मोठं होऊन स्वतः श्रद्धा जाहीर करण्याचा विधी, होईपर्यंत आम्हा पोरांना प्रभुभोजन नसे. ट्रे डोक्यावरून जायचा. आई डोळे मिटून बसायची आणि मी तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन द्राक्षाचा वास घ्यायचे. कॅथलिकांकडे १९१० पासून साधारण सातव्या वर्षी मुलांना देतात, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बाप्तिस्म्याबरोबर तान्ह्या बाळालाही. प्रत्येकानं आपापल्या जागी रेघ ओढलेली आहे.

आता काय करायचं ते.

गुपचूप रांगेत उभी राहून घेऊ नकोस. फादरांना फसवल्याची बोच लग्नाच्या दिवशी कशाला, आणि जे मनापासून ‘आमेन’ नाही ते तोंडानं म्हणण्यात तुझाही अपमान आहे. त्याच कारणानं, सासूबाई म्हणतात म्हणून एका विधीपुरती कॅथलिकही होऊ नकोस. पुढे कधी मनानं झालीस तर ती वेगळी गोष्ट. लग्नासाठी त्याची गरज नाही, बिशपांची परवानगी पुरते, आणि तो अर्ज फादरच करतात.

फादरांना भेटून एकच विनंती कर: आम्हाला लग्न मिस्साशिवाय हवंय. यात आगाऊपणा काही नाही. व्हॅटिकनच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेत मिश्र लग्न सामान्यतः कम्युनियनच्या विधीबाहेर व्हावं असंच म्हटलंय, आणि कारण नेमकं तुझंच दिलंय. मिस्सा ठेवायचा असेल तर उलट बिशपांची वेगळी संमती लागते. मिस्साशिवायच्या लग्नात शास्त्रवाचन, प्रवचन, वचनं, अंगठ्या, प्रार्थना, आशीर्वाद सगळं असतं, आणि कुणी उठत नाही, कुणी बसून राहत नाही. वाचन पप्पांना द्यायला सांग. तुमच्या पाळकसाहेबांना प्रार्थनेसाठी बोलवता येईल का, तेही विचार. परवानगीनं ते होतं. लग्नाची वचनं मात्र एकदाच, फादरांपुढे. नगरला दुसऱ्यांदा लग्न लावायचा घाट पप्पा घालतील, तो होऊ देऊ नकोस.

सासूबाईंना मिस्साशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय जेवण वाटेल, हे मला दिसतंय. त्यांची बाजूही समजून घे. त्यांच्यासाठी तोच सोहळ्याचा गाभा आहे. आदल्या दिवशी त्यांच्या घरच्यांनी मिस्सा ठेवावा, तुम्ही दोघांनी जावं. तिथं बसून राहणं तुला जड जाणार नाही, कारण तिथं तुझे पप्पा चारचौघांत बसलेले नसतील.

तू एकटी नाहीस, हे सांगायला आणखी एक प्रसंग. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या लूथरन चर्चमध्ये गेले होते. तिथं कॅथलिक नवरा असलेल्या एका लूथरन बाईनं त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला. ते आधी थट्टेनं म्हणाले, समोर एवढे मोठे धर्मपंडित कार्डिनल बसलेत, मला उत्तर द्यायची भीती वाटते. मग त्यांनीच उलटा प्रश्न टाकला: एकत्र भोजन हा प्रवासाचा शेवट आहे, की एकत्र चालायची शिदोरी? शेवटी म्हणाले, प्रभूशी बोला आणि पुढे जा, याहून जास्त म्हणायचं धाडस मी करत नाही. नियम त्यांनी बदलला नाही. पण पोपांनाही या प्रश्नावर अडखळावं लागलं, हे पप्पांना सांग.

मुलांचं तू पत्रात काहीच लिहिलेलं नाहीस, आणि कम्युनियनहून कठीण प्रश्न तोच आहे. मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक चर्चमध्ये व्हावी यासाठी मी जमेल ते सगळं करीन, असं वचन तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी द्यावं लागतं, आणि ते दिल्याचं तुला सांगितलं जातं. सही व्हायच्या आधी तुम्ही दोघं बसून बोला. दोन्हीकडच्या आयांना बाहेर ठेवून.

आणि लग्नानंतर नगरला जो पहिला प्रभुभोजनाचा रविवार येईल, त्या दिवशी नवऱ्याला घेऊन ये. सहा चर्चं एक होऊन तुमचं चर्च १९७० साली नागपुरात उभं राहिलं. बाहेरून आलेल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाला तुमच्याकडे सहसा अडवत नाहीत. पण त्याचं चर्च त्याला तिथं घ्यायची मुभा देत नाही, म्हणजे या वेळी बसून राहायची पाळी त्याची. त्याला बाकाच्या टोकाला नको, मधे बसव, पप्पांच्या शेजारी. ट्रे आला की तो न घेता पुढे करील, आणि पप्पांना तो त्याच्या हातून घ्यावा लागेल.